यंदा तेवढं नको

खोपोलीहून आंबेतळ्याला येणारे रिक्षावाले पाव्हण्याला एकच प्रश्न विचारतात, "जेलवाल्या ताईंकडं का?" आणि तो इतक्या खणखणीत आवाजात विचारतात, की शेजारी बसलेला अनोळखी माणूस आपली पिशवी हळूच दुसऱ्या मांडीवर घेतो. पाव्हणा बिचारा एखाद्या विद्यापीठाचा प्राध्यापक असतो. पण आंबेतळ्याच्या फाट्यावर उतरेपर्यंत तो जामिनावर सुटलेला असतो.

या जेलवाल्या ताई म्हणजे डॉक्टर विनिता ठोंबरे. शिक्षण गुन्हेशास्त्राचं, आणि त्यातही तुरुंगांचं. माणसाला आत टाकल्यावर त्याचं काय होतं, आणि बाहेर आल्यावर त्याचं काय करायचं, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. आंबेतळ्यात हा विषय समजावून सांगायला तीस वर्षं गेली, आणि अजूनही अधूनमधून कुणीतरी कोंबडी चोरीला गेल्याची तक्रार घेऊन फाटकाशी येतंच.

सुरुवात झाली ती त्यांचे वडील येसाजी यांच्या पडवीत. एकुलती एक पोरगी कर्जतच्या कॉलेजात पहिली आली आणि पुढं शिकायला मुंबईला निघाली, तेव्हा भाताची कापणी टाकून अर्धा गाव पडवीत जमला होता. आई आनंदीबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या.

"चोरांचा अभ्यास?" आनंदीबाई म्हणाल्या. "चोरांनी आभ्यास करन्यासारखं काय ठेवलंय? कुलूप तोडलं, भांडी नेली. झाला आभ्यास."

"तसं नाय गं," येसाजी म्हणाले. "ही चोर धरत नाय. चोर धरल्यावर फुडं काय करायचं, ते शिकती."

"फुडं काय करायचं? हाणायचं!" पडवीतून एकमुखानं निकाल आला.

"तेच तर म्हनतो," येसाजींनी तंबाखू मळली. "हाणून झाल्यावर फुडं काय?"

 इतका पुढचा विचार आंबेतळ्यात तोवर कुणी केला नव्हता.

लग्नाच्या वेळी ह्या शिक्षणानं चांगलेच रंग दाखवले. "मुलगी कुठं असते?" असं मुलाकडच्यांनी विचारलं की येसाजी साधेपणानं सांगायचे, "आठवड्यातनं चार दिवस तुरुंगात." पुढचं वाक्य बोलेपर्यंत पाव्हण्यांच्या चपला उंबऱ्याबाहेर गेलेल्या असत. शेवटी नेरळचा धनेश आला. त्यानं पोहे संपवले, पाणी प्यायलं आणि विचारलं, "संध्याकाळी सोडतात ना?" विनिताताईंना आयुष्यात इतकं हसू कधी आलं नव्हतं. धनेशराव पुढं खोपोलीतल्या एका कारखान्यात लागले, सासऱ्याच्या जागेत बंगला बांधून राहिले, आणि "घरजावई" म्हणणाऱ्याला, "आहे बुवा, जन्मठेप आहे," असं सांगत सुखानं जाड झाले.

ताईंचं नाव झालं ते मात्र कष्टानं. राज्यातल्या कितीतरी तुरुंगांच्या ओसऱ्यांवर बसून त्यांनी कैद्यांना बोलतं केलं. खून केलेली माणसं त्यांच्यापुढं लहान पोरासारखी रडत. ताईंच्या एक लक्षात आलं. ही माणसं तुरुंगाला घाबरत नाहीत, गावाला घाबरतात. कैद्याला वर्षातून काही दिवस घरी जायला रजा मिळते. संचित रजा म्हणतात तिला. ती मिळायच्या आधी पोलीस गावात विचारणा करतात, आणि तिथं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नुसतं नाक मुरडलं तरी त्या कैद्याचा सण हुकतो. शेजाऱ्यांच्या मताला रजेच्या कामात जागाच असू नये, असं ताईंनी लिहिलं, छापलं, मोठमोठ्या साहेबांपुढं मांडलं. नव्या तुरुंग अधिकाऱ्यांना शिकवायला त्या जात, तेव्हा त्यांच्या एका व्याख्यानाला मागच्या खुर्च्यांवरचे पेंगणारेसुद्धा जागे राहत.

कारण त्या व्याख्यानात ताई एक नक्कल करत. भाषण रंगात आलं की त्या मध्येच थांबत. पदर खांद्यावरून घेत, मान एका बाजूला कलती करत, हातात नसलेली कपबशी धरत. आणि तूप घातलेल्या आवाजात म्हणत, "आमची काही हरकत नाही हो. माणूस चांगलाच आहे. पण यंदा तेवढं नको."

सभागृह कोसळायचं. प्रत्येकाच्या गावात ही बाई होती. कुणाला त्यात आपली मावशी दिसायची, कुणाला सोसायटीची सेक्रेटरी. हशा ओसरला की ताई ती कपबशी खाली ठेवत आणि म्हणत, "भिंतींनी अडवले नसतील इतके कैदी या बाईनं अडवलेत." मग टाळ्या. ही नक्कल ताईंनी इतक्या वेळा केली होती, की धनेशराव घरी चहा मागताना म्हणत, "आमची काही हरकत नाही हो, पण यंदा साखर तेवढी नको."

आता शेजारच्या घराचं सांगायला हवं. ताईंच्या बंगल्याच्या कुंपणाला लागून सोनुबाईचं कौलारू घर आहे. सोनुबाई ताईंना जन्मापासून ओळखते. विनूच्या नाकातला शेंबूड तिनं आपल्या पदराला पुसलाय, आणि ताई डॉक्टर झाल्यावरही ती हे चारचौघांत सांगते. तिचा एकुलता एक मुलगा नागू. बांधाच्या भांडणात नागूनं चुलत भावाच्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला. एकच घातला, पण पुरला. भाऊ गेला, नागूला जन्मठेप झाली, नागूची बायको माहेरी गेली ती परत आली नाही. मेलेल्या भावाची विधवा इंदूबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. पाण्याच्या नळावर सोनुबाई आणि इंदूबाई समोरासमोर येत. एकीचा मुलगा आत, दुसरीचा नवरा वर. तरी दोघी एकमेकींची घागर उचलून द्यायच्या. गावानं या गोष्टीवर पुष्कळ विचार करून शेवटी तो सोडून दिला होता.

गेल्या वर्षी नागूला रजा मिळण्यासारखी होती. रजेचा अर्ज कसा करायचा, कुणाला भेटायचं, हे सोनुबाईला ताईंनीच पडवीत बसून समजावलं. म्हातारीनं दोन्ही हात ताईंच्या गालांवरून फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावरून नागूचा पाट काढला.

आमच्या भागात गणपती दुकानात जाऊन निवडत नाहीत. घरचा पाट आधीच कारखान्यात नेऊन द्यायचा, त्याच पाटावर मूर्तिकार मूर्ती घडवतो, आणि चतुर्थीला घरच्या पुरुषानं तो डोक्यावर घेऊन यायचं. नागू आत गेल्यापासून तो पाट माळ्यावर होता, आणि सोनुबाईचा देव भावकीत बसत होता. त्या वर्षी तिनं पाट धुतला, पुसला, आणि सदू मूर्तिकाराला नेऊन दिला. "पोरगा स्वोता न्याया येनार हाय," म्हणाली. "जरा उंच बनव. त्याच्या डोक्यावर शोभंल आसा."

त्याच पावसाळ्यात ताईंच्या मुलीचं, अक्षदाचं, लग्न जमत आलं होतं. मुलगा नेरळचा, शिकलेला, माणसं मोठ्या सोसायटीतली, दारात दोन गाड्या. गौरीच्या जेवणाला ती मंडळी पहिल्यांदाच घर बघायला यायची होती. सगळा महाराष्ट्र फिरलेल्या ताईंची त्यानंतर जी गाळण उडाली ती धनेशरावांनी हयातीत पाहिली नव्हती. पडदे बदलले. सोफ्याला अभ्रे आले. अंगणातला येसाजींचा जुना नांगर, जो ताई प्रत्येक पत्रकाराला हात लावून दाखवत, तो मागच्या बाजूला ताडपत्रीखाली गेला.

"मलापण ताडपत्रीखाली ठेवणार का?" धनेशरावांनी विचारलं.

"पोट तेवढं झाका," ताई म्हणाल्या.

अशा दिवसांत एका सकाळी किरण आला. किरण गावचा पोलीस पाटील. शर्ट नेहमी इस्त्रीचा, आणि चहाला नाही म्हणायची शक्ती देवानं त्याला दिलेली नाही. ताईंनी त्याला चहा दिला, स्वतःचाही कप घेतला.

"ताई, नागूच्या रजेचं आलंय. गौरी-गनपतीतच येतोय म्हना. ठान्यातनं इचारना हाय, गावाचं काय म्हननं हाय म्हनून. तुमी तर आगदी शेजारच्या."

आत अक्षदा फोनवर नेरळच्या काकूंना सांगत होती, गौरीला नक्की या, आई तुमची वाटच बघतेय.

ताईंनी कुंपणापलीकडं पाहिलं. सोनुबाईच्या अंगणातून त्यांच्या दिवाणखान्याची खिडकी सरळ दिसत होती, आणि खिडकीतून अंगणही तितकंच सरळ दिसणार होतं. त्यांनी पदर खांद्यावर घेतला.

"आमची काही हरकत नाही रे किरण. नागू मुलगा चांगलाच आहे. पण यंदा तेवढं नको. घरात कार्य आहे, नवी माणसं यायचीत. पुढच्या वर्षी मी स्वतः सांगेन."

"बरं," किरण म्हणाला. त्यानं बिस्कीट चहात बुडवलं, ते कपातच राहिलं, ते त्यानं बोटानं काढलं. मग तो गेला. ताई पडद्यांच्या दोऱ्या बघायला आत गेल्या. आपण काय बोललो, हे त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य त्यांनी शंभरदा पकडलं होतं. स्वतःच्या तोंडून गेलं तेव्हा ते नातेवाइकासारखं बिनधास्त निघून गेलं.

चतुर्थीला ताई आणि धनेशराव गाडी घेऊन सदूच्या कारखान्यात गेले. रस्त्याकडेला निळ्या ताडपत्रीची शेड, आत रंगाचा वास, बाहेर टोप्या घातलेल्या पुरुषांची गर्दी. "मोरया" झालं की एकेक देव डोक्यावर चढून शेतांच्या बांधाबांधानं घरी जात होता. ताईंची मूर्ती मागच्या सीटवर नीट बसली. शेड रिकामी होत आली. कोपऱ्यात एकच गणपती उरला होता. बाकीच्यांपेक्षा हातभर उंच.

"हा कुणाचा रे सदू?" धनेशरावांनी विचारलं.

"नागूचा. म्हातारीनं उंच बनवाया सांगितला. आता पोराची रजा झाली ना ना-मंजूर. ह्यो धूड कोन उचलनार?" सदू हात पुसत म्हणाला. "ठेवून घेता येत नाय. सांगितल्याला देव कारखान्यात ऱ्हाऊ देत नायत."

 नामंजूर? ताईंना ठाऊकच नव्हतं. त्यांनी मनाशी घाईघाईनं म्हटलं, कायद्यातलं काही निघालं असेल. ह्या विषयातलं त्यांचं ज्ञान मोठं होतं. सोयीची कारणं त्यांना चटकन सापडत.

तेवढ्यात सोनुबाईच आली. डोक्यावर फडक्याची चुंबळ, पायांत काही नाही. चार बाप्ये पुढं झाले, तिनं हातानंच थांबवलं. सदूनं आणि धनेशरावांनी मूर्ती उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. म्हातारीची मान आत गेली, पाय थोडे फाकले, आणि ती उभी राहिली.

"काकी, गाडीत ठेवा ना," ताई म्हणाल्या. "मी मांडीवर घेऊन बसते."

"तुमच्या गाडीत तुमचा देव हाय, बाय. माजा चालत जाईल."

"मग मी घेते. द्या माझ्याकडं."

"तू?" सोनुबाई हसली तेव्हा मूर्ती हलली. "तुला जेल पेलतंय गं विनू, देव नाय पेलायचा." मग मान न वळवता म्हणाली, "तू मोठ्या लोकांत बसतीस. माज्या पोराला कुनी आडवलं, कळंल का गं तुला? नको, ऱ्हाऊ दे. मला ठावं हाय. इंदूनं. मनात ठेवलं हुतं तिनं. मी तिची घागर उचलायची, आन् तिनं माजा देव आडवला."

ताईंनी तोंड उघडलं. त्यातून आलं, "बघते काकी."

परतीचा रस्ता अरुंद. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं, तेरडा फुललेला. पुढं सोनुबाई पावलापावलानं, मागं ताईंची गाडी पहिल्या गिअरमध्ये.

"हॉर्न देऊ का हळूच?" धनेशरावांनी विचारलं.

"दिलात तर बघा."

मग तशीच मिरवणूक गावात शिरली. लोकांना वाटलं, म्हातारीला सोबत म्हणून जेलवाल्या ताई मागं गाडी हळू चालवतायत. कट्ट्यावरच्या दोघांनी ताईंना हात जोडले. ताईंनी काच वर केली.

संध्याकाळच्या आरतीला किरण आला. ताईंनी त्याला तुळशीपाशी गाठलं. "नागूला इंदूबाईनं हरकत घेतली का रे?"

"इंदूवैनीनं? छ्या. ती म्हनली, येऊ दे. म्हातारीनं डोळे मिटायच्या आत पोराचं तोंड बघू दे. मी म्हनलं, वैनी, नीट इचार करा. म्हनली, केला."

"मग कोण नको म्हणालं?"

किरणनं त्यांच्याकडं पाहिलं. शिकलेली माणसं कधी कधी आपली परीक्षा घेतात, असं त्याला वाटलं असावं. "तुमीच की, ताई."

"मी आपलं चहा पिता पिता…"

"व्हय, पन हवालदार सायेब म्हनले, बाकी गाव काय का म्हनंना. ज्या बाईनं सगळे तुरुंग पालथे घातलेत तीच नको म्हनती, म्हंजी तिला कायतरी आतलं ठावं आसनार. मलापन तसंच वाटलं. तुमी काय उगीच बोलाल का?"

त्यानं प्रसाद घेतला, कपाळाला लावला, खाल्ला आणि गेला. गावातल्या बाकीच्यांचं मत हे नुसतं मत होतं. ताईंचं मत तज्ज्ञांचं ठरलं होतं. हे तज्ज्ञपण मिळवायला त्यांना अर्धं आयुष्य लागलं होतं.

सांगून टाकायचं, असं त्या रोज ठरवत. पण गौरी आल्या, आणि गौरींबरोबर नेरळची मंडळी. सासूबाई होऊ घातलेल्या बाई मोठ्या हौशी निघाल्या. पडदे त्यांनी पाहिलेच नाहीत. त्या घराच्या मागं गेल्या, ताडपत्री उचलून नांगर बाहेर काढायला लावला आणि त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढला. मग जेवताना म्हणाल्या, "आमच्या अख्ख्या सोसायटीला मी सांगून ठेवलंय, सूनबाईंच्या आई कैद्यांसाठी काम करतात म्हणून. तुमच्याकडे एखादा येतो का हो, सणाबिणाला? मला फार इच्छा आहे भेटायची."

ताईंच्या हातातली पळी वरणाच्या भांड्यात पडली.

आणि नेमकं तेव्हाच खिडकीतून नळावरचा आवाज आला. सोनुबाईचा. "सनाच्या दिशी तोंड दाखवू नको मला! माज्या पोराचा देव आडवलास! तुजा गेला, म्हनून माजा जित्ता गाडतीस व्हय?" मग इंदूबाईचा बारीक आवाज, "काकी, मी नाय म्हनलेच नाय. शपत." आणि घागर दगडावर आपटल्याचा आवाज.

जेवणारे थांबले. "काय झालं हो?" सासूबाईंनी विचारलं. "भांडण कशावरून?"

"पाण्यावरून," ताई म्हणाल्या. "गावात चालतंच."

तुळशीपाशी किरणचं बोलणं धनेशरावांनीही ऐकलं होतं. त्यांनी ताटातून मान वर केली, बायकोकडं पाहिलं आणि परत खाली घातली. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर विनोद करणारा तो माणूस त्या दिवशी काही बोलला नाही. ताईंना ते सगळ्यात जास्त लागलं.

विसर्जनं झाली. ताईंना नव्या अधिकाऱ्यांपुढं तेच नेहमीचं व्याख्यान द्यायचं होतं. त्यांनी ठरवलं होतं, नक्कल गाळायची. पण सभागृहाला ती ऐकून माहीत होती. संयोजकानंच पुढच्या रांगेतून खूण केली, मॅडम, ती शेजारीण! लोक आधीच हसायला लागले होते. ताईंचा हात सवयीनं पदराकडं गेला. मान कलली. बोटांनी कपबशी धरली.

"आमची काही हरकत नाही रे किरण," त्यांच्या तोंडून आलं, आणि तो नकलेचा आवाज नव्हता. त्यांचा घरातला, सकाळचा, दिवाणखान्यातला आवाज होता. "नागू मुलगा चांगलाच आहे. पण यंदा तेवढं नको. घरात कार्य आहे."

सभागृह इतकं हसलं, की दोघांचे चष्मे पुसायला निघाले. ताई तशाच उभ्या राहिल्या, हवेतली कपबशी हातात. त्यांना ती खाली ठेवता येईना. भिंतींचं वाक्य त्यांनी म्हटलंच नाही. लोकांना वाटलं, मॅडमनी ह्या खेपेला शांततेचा परिणाम साधलाय, आणि त्यांनी दुप्पट टाळ्या वाजवल्या. बाहेर एक तरुण अधिकारी मुद्दाम येऊन म्हणाला, "मॅडम, मी आधीही ऐकलंय. पण आज अगदी हुबेहूब!"

त्या दिवशी संध्याकाळी ताई घरी न शिरता सरळ सोनुबाईच्या ओसरीवर गेल्या. म्हातारी तांदूळ निवडत होती.

"काकी, इंदूबाईनं नाही अडवलं. मी अडवलं."

सोनुबाईनं सुपातला खडा काढून अंगणात टाकला. "काय म्हनतीस?"

ताईंनी सांगितलं. सगळं सांगितलं. किरण, चहा, पडदे, नेरळचे पाव्हणे. सांगताना त्यांना कळलं, की ह्यात सांगण्यासारखं कारणसुद्धा नाही. त्यांनी तुरुंगात ज्यांच्या हकिगती ऐकल्या होत्या, त्या प्रत्येकाकडं काहीतरी होतं. भूक, राग, दारू, बांध. ताईंकडं पडदे होते.

सोनुबाई सुपातले तांदूळ बोटांनी सारत राहिली. शेवटी म्हणाली ते वेगळंच. "मी इंदूला काय काय बोलले गं. सनाच्या दिशी. जिचा बाप्या माज्या पोरानं मारला, तिला." मग सूप बाजूला ठेवून उठली. "चल."

"कुठं?"

"तिच्याकडं. मला सांगितलंस तसं तितं सांग."

दोघी गावातून चालत गेल्या. लोकांनी पुन्हा नमस्कार केले. इंदूबाई दारातच भांडी घासत होती. ताईंनी उंबऱ्याबाहेर उभं राहून तेच सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते आणखी लहान आणि आणखी घाण वाटलं. सोनुबाई खाली बसली आणि राखेच्या हातांसकट इंदूबाईचे हात धरून रडायला लागली. इंदूबाईनं तिला थोपटलं. मग ताईंकडं बघून म्हणाली, "ताई, तुमाला ह्यातलं समदं कळतं, आसं गाव म्हनतं. मला रोज वाटायचं, तुमी तरी म्हातारीला सांगाल, का इंदूनं नाय केलं म्हनून. रोज वाट बघत हुते तुमची."

 ताईंनी भांडी विसळायला हात पुढं केला, तर इंदूबाईनं ताट बाजूला सरकवलं. रागानं नाही. "ऱ्हाऊ द्या, तुमची साडी खराब व्हईल."

परत येताना सोनुबाई कुंपणाशी थांबली. "तुजा बाप म्हनायचा, पोरगी हाणून झाल्यावर फुडं काय त्ये शिकती. मंग सांग आता. फुडं काय?"

ताईंनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. ठाण्यात जाऊन आपलं बोलणं चुकीचं होतं असं तोंडी आणि लेखी सांगितलं. पुढच्या अर्जाला जामीन त्या स्वतः राहिल्या. व्याख्यानातली नक्कल गेली ती गेलीच. संयोजक अजून हळहळतात. अक्षदाचं लग्न झालं. सोनुबाई आली, मागच्या पंगतीला जेवली, आहेराचं लुगडं मात्र घेतलं नाही. "आमची काय हरकत नाय गं," म्हणाली, "पन ऱ्हाऊ दे." ताईंना ते ऐकून जेवण गेलं नाही.

आणि यंदा नागू आला. केस पांढरे झालेले, चालताना भिंतीकडेनं चालायची सवय लागलेली. सोनुबाईनं पाट पुन्हा सदूकडं दिला होता, उंच मूर्तीसाठीच. चतुर्थीच्या सकाळी तिनं कुंपणावरून हाक मारली.

"विनू, ये गं. माजा खांदा धरलाय. देव दारात आला का पाय धुवायचे, भाकरतुकडा ववाळायचा. तूच कर."

ताई धावतच गेल्या. ओसरीवर इंदूबाई आधीच होती, दुर्वा निवडत. ताईंनी तांब्या उचलला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "काकी, आज नागूला मी सांगणार आहे."

"आजाबात नाय," सोनुबाई म्हणाली. "त्याला ह्यातलं काय ठावं नाय. चार दिस आलाय पोरगा, सुखानं जेवू दे. कुनाविषयी मनात राग घिऊन परत आत जायचा नाय तो. तुला सांगून मोकळं वाटंल, त्याला काय वाटंल? गप ऱ्हा."

"पण कधी तरी…"

"मी सांगंन तवा."

बांधावरून "मोरया" ऐकू आलं. नागू येत होता, डोक्यावर देव, मान ताठ. सदूनं बरोबर माप घेतलं होतं. मूर्ती त्याच्या डोक्यावर खरंच शोभत होती. तो उंबऱ्याशी थांबला. ताईंनी वाकून त्याच्या पायांवर पाणी घातलं. त्या चिखलानं भरलेल्या पायांवरचा एकेक थर निघेपर्यंत घातलं. इतकं कुणी घालत नाही. मग भाकरतुकडा ओवाळला. नेम चुकला आणि तुकडा इंदूबाईच्या दुर्वांत पडला.

नागूनं देव आत नेऊन मखरात ठेवला आणि परत बाहेर आला. त्याचे डोळे भरलेले होते.

"मॅडम," तो म्हणाला. गावातला एकटा नागूच त्यांना मॅडम म्हणतो. "आय सांगत हुती, तुमी जामीन ऱ्हायलात. ठान्यात गेलात. मागल्या वर्साला कुनीतरी आडवलं माला, तुमी नसतात तर औंदापन आडवलं आसतं. तुमच्यासारकं मानूस शेजारी हाय म्हनून…"  तो खाली वाकला आणि ताईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

ताई मागं सरकल्या, पण मागं भिंत होती. त्यांनी सोनुबाईकडं पाहिलं. सोनुबाईनं डोळ्यांनीच दटावलं. इंदूबाई मान खाली घालून दुर्वांतून भाकरीचा तुकडा शोधत होती.

"ऊठ रे नागू," ताई म्हणाल्या. "ऊठ. देवाला हळदकुंकू वाहायचंय."

पण नागू पुष्कळ वेळ उठला नाही.